डेस्कटॉप आज्ञावलींचे अध्ययन : ग्राफिकल युजर इंटरफेसमधील मूळ अडचण आणि अध्यापनाचा क्रम

सारांश

संगणकाच्या पडद्यावर खिडकी, बटणे व मजकुराच्या चौकटी असलेली आज्ञावली तयार करण्यास शिकणे हा संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांचा परिचित भाग आहे. या अध्ययनात विद्यार्थ्यास येणारी अडचण बहुधा भाषेच्या व्याकरणाची किंवा बटणांच्या मांडणीची मानली जाते. ती मुख्यतः नियंत्रणाच्या क्रमाची आहे, असे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. क्रमाने चालणाऱ्या आज्ञावलीत पुढे काय घडावे हे आज्ञावली ठरवते. ग्राफिकल आज्ञावलीत ते वापरणारी व्यक्ती ठरवते. हा बदल आरंभी समजला नाही तर विद्यार्थी दिसायला नीटनेटके परंतु वापरात टिकू न शकणारे प्रकल्प सादर करतो. या संकल्पनेचा इतिहास, तिचे कार्य, नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका, मराठी मजकुराचे विशेष प्रश्न आणि अध्यापन व मूल्यमापनाची दिशा यांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : ग्राफिकल युजर इंटरफेस, घटना, इव्हेंट लूप, पायथन, टीकेइंटर, युनिकोड, मूल्यमापन

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत पदवीच्या अखेरच्या वर्षाचे प्रकल्प पाहिले असता एक चित्र वारंवार दिसते. ग्रंथालयाची देवघेव, औषधदुकानाचा साठा किंवा वसतिगृहाची शुल्कनोंद असा विषय असतो. पडद्यावर आकर्षक खिडकी उघडते, बटणे रंगीत असतात आणि विद्यार्थी ठरलेल्या क्रमाने माहिती भरून ‘जतन करा’ हे बटण दाबून दाखवतो. तोंडी परीक्षेत सर्व काही सुरळीत पार पडते. परंतु परीक्षकाने एखादी चौकट रिकामी ठेवून तेच बटण दाबले, किंवा घाईने दोनदा दाबले, तर आज्ञावली बंद पडते किंवा एकाच नोंदीच्या दोन नोंदी होतात. ‘ही ओळ केव्हा चालते आणि ती कोण चालवते?’ असा प्रश्न विचारल्यास उत्तर मिळत नाही.

हा विद्यार्थी आळशी असतो असे नाही. त्याने फंक्शन, लूप, अॅरे हे सर्व शिकलेले असते. मात्र ज्या जगात त्याची आज्ञावली आता चालणार आहे, त्या जगाचा नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. अशा अवस्थेत तो पदवी घेऊन बाहेर पडला, तर त्याने केलेली आज्ञावली उद्या एखाद्या पतसंस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याच्या हाती जाते. समोर रांग उभी असताना पडदा गोठणे किंवा भरलेली माहिती नाहीशी होणे याची किंमत तो कर्मचारी आणि रांगेतील माणसे मोजतात.

आजच्या काळात बरीच कामे वेबवर व भ्रमणध्वनीवर गेली असली, तरी लेखापालनासाठीचे टॅली, लिबरऑफिससारखा कार्यालयीन संच, छायाचित्र व चित्रफीत संपादनाची साधने, मापनयंत्रांशी जोडलेली प्रयोगशाळेतील साधने ही आजही डेस्कटॉपवर वापरली जातात. शिवाय वेबपृष्ठ व अँड्रॉइड आज्ञावलीही याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे डेस्कटॉपवर हे तत्त्व नीट समजलेल्या विद्यार्थ्यास पुढील माध्यमे परकी वाटत नाहीत.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पडद्यावरील आकृतीशी थेट संवाद साधण्याची कल्पना १९६३ मध्ये इव्हान सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीत प्रथम ठळकपणे दिसली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार झालेल्या या आज्ञावलीत प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढता येत असे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊस आणि पडद्यावरील विभागलेल्या भागांचे जाहीर प्रात्यक्षिक केले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला आणि तेथेच स्मॉलटॉक या भाषेबरोबर खिडक्यांच्या वातावरणाचा विकास झाला. या केंद्रात काही काळ काम करताना नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ मध्ये माहिती, तिचे दर्शन आणि वापरकर्त्याच्या कृतींचे नियंत्रण हे तीन भाग वेगळे ठेवण्याची रचना मांडली. ती पुढे ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ म्हणून ओळखली गेली.

१९८४ मध्ये अॅपलचा मॅकिन्टॉश आणि १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्ट विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आली. आरंभीच्या काळात विंडोजसाठी आज्ञावली लिहिणे अत्यंत कष्टाचे होते. सी भाषेत केवळ एक रिकामी खिडकी दाखवण्यासाठीही अनेक डझन ओळी लिहाव्या लागत. खिडकीची नोंदणी करणे, ती तयार करणे, नंतर संदेशांची रांग सतत तपासणे आणि प्रत्येक संदेशास उत्तर देणे हे सर्व आज्ञावलीकाराने स्वतः करावयाचे असे. हे काम कंटाळवाणे होते, परंतु त्यातून एक लाभ होई: संदेश येतो कोठून आणि जातो कोठे हे लिहिणाऱ्यास पदोपदी दिसत असे.

१९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि चित्र पालटले. माऊसने बटण ओढून फॉर्मवर ठेवावे, त्यावर दोनदा टिचकी मारावी आणि उघडलेल्या जागेत चार ओळी लिहाव्यात, एवढ्यावर आज्ञावली चालू लागली. १९९५ मध्ये डेल्फीने हीच सोय पास्कल भाषेच्या वापरकर्त्यांना दिली. १९९८ मधील व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती आपल्याकडील असंख्य प्रयोगशाळांत दीर्घकाळ शिकवली गेली. तिच्या विकसन-साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये थांबवला. या साधनांनी आज्ञावलीलेखन हजारो लोकांच्या आवाक्यात आणले, हे त्यांचे मोठे श्रेय होय. मात्र संदेशांची रांग त्यांनी पडद्याआड ठेवली. अनुभवी लिहिणाऱ्यास ती ठाऊक होती. नवशिक्यास ती आहे हेच कळेनासे झाले.

इंटरफेसचा भाग किरकोळ नसतो, हे ब्रॅड मायर्स व मेरी बेथ रॉसन यांच्या १९९२ च्या पाहणीतून पुढे आले होते. त्यांनी पाहिलेल्या आज्ञावलींत सरासरी ४८ टक्के भाग केवळ वापरकर्त्याशी होणाऱ्या संवादाचा होता. ज्या भागावर जवळपास निम्मे श्रम खर्च होतात, तो केवळ सजावट म्हणून शिकवणे योग्य ठरत नाही.

३. घटनाधिष्ठित आज्ञावलीची संकल्पना

समजा, ग्रंथालयाचे विलंबशुल्क काढावयाचे आहे. काळ्या पडद्यावर चालणारी साधी आज्ञावली प्रथम पुस्तक परत करण्याची ठरलेली तारीख विचारते, नंतर प्रत्यक्ष परतीची तारीख विचारते, दिवसांचा फरक काढते, दराने गुणते, उत्तर छापते आणि संपते. येथे वापरकर्त्यास एकच स्वातंत्र्य आहे: विचारले तेव्हा उत्तर देणे. आज्ञावली यजमान आहे आणि वापरकर्ता पाहुणा.

आता हेच काम खिडकीत करावयाचे आहे. तारखांसाठी दोन चौकटी, एक बटण आणि उत्तरासाठी एक लेबल एवढेच घटक आहेत. परंतु वापरकर्ता दुसरी चौकट आधी भरू शकतो. दोन्ही रिकाम्या ठेवून बटण दाबू शकतो. उत्तर आल्यावर एक तारीख बदलून जुने उत्तर तसेच पडद्यावर ठेवू शकतो. खिडकी लहान करू शकतो किंवा मध्येच बंद करू शकतो. यातील काहीही, कोणत्याही क्रमाने आणि कितीही वेळा होऊ शकते. आता वापरकर्ता यजमान झाला आणि आज्ञावली बोलावण्याची वाट पाहत बसली.

ही वाट पाहण्याची व्यवस्था म्हणजे इव्हेंट लूप होय. इव्हेंट म्हणजे घटना: माऊसची टिचकी, कळ दाबणे, खिडकीचा आकार बदलणे, ठरावीक वेळ संपणे. कार्यप्रणाली प्रत्येक घटनेचा संदेश संबंधित आज्ञावलीच्या रांगेत ठेवते. लूप रांगेतील पहिला संदेश उचलतो, तो कोणत्या घटकासाठी आहे हे पाहतो आणि त्या घटकाशी जोडलेले फंक्शन चालवतो. ते फंक्शन संपले की पुढचा संदेश घेतो. रांग रिकामी असेल तर थांबतो. खिडकी बंद होईपर्यंत हाच क्रम चालू राहतो.

बँकेच्या एकाच खिडकीवर बसलेल्या रोखपालाची उपमा येथे उपयोगी पडते. टोकन क्रमाने येतात, रोखपाल एकेक काम पूर्ण करतो. एखाद्या खातेदाराच्या कामास अर्धा तास लागला तर मागची संपूर्ण रांग थांबते. मागे कोणाचे काम अर्ध्या मिनिटाचे असले तरी त्याचा उपयोग नाही. ग्राफिकल आज्ञावली ‘गोठते’ तेव्हा नेमके हेच घडलेले असते. खिडकी पुन्हा रंगवण्याचा संदेशही याच रांगेत असतो, म्हणून गोठलेली खिडकी कधी पांढरी पडते, तर कधी अर्धवट दिसते.

या रचनेचा अर्थ असा की, विद्यार्थी जी फंक्शने लिहितो ती तो स्वतः चालवत नाही. तो ती लूपच्या स्वाधीन करतो. घटना घडल्यावर लूप ती चालवतो. नियंत्रणाच्या क्रमाचे हे उलटणे हीच या विषयाच्या अध्ययनातील मूळ पायरी आहे.

४. नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

पुढील चुका पायथन भाषेबरोबर मिळणाऱ्या टीकेइंटर या साधनसंचाच्या आधारे दिल्या आहेत. जावाच्या स्विंग किंवा क्यूटी या संचांतही त्यांची भावंडे आढळतात. वरवर त्या परस्परांहून भिन्न वाटतात. मात्र पहिल्या चारही चुकांचे मूळ ‘कोण, केव्हा चालवते’ या एकाच प्रश्नात आहे.

अ) कंसाची जोडी : बटण तयार करताना त्याच्या ‘कमांड’ या गुणधर्मास फंक्शनचे नाव द्यावयाचे असते. विद्यार्थी सवयीने नावापुढे कंस लावतो. कंस लावताच ते फंक्शन तेथेच, खिडकी उभी राहत असतानाच, एकदा चालते आणि त्याने परत केलेले मूल्य बटणास जोडले जाते. ते बहुधा रिकामे असते, म्हणून पुढे बटण दाबले तरी काहीच होत नाही. विद्यार्थ्यास वाटते की बटण बिघडले. वस्तुतः त्याने रोखपालास कामाची चिठ्ठी देण्याऐवजी काम स्वतःच उरकून रिकामा कागद दिलेला असतो.

आ) बारा महिन्यांची बारा बटणे : लूपच्या साहाय्याने जानेवारी ते डिसेंबर अशी बटणे तयार केली जातात आणि प्रत्येकास महिन्याचे नाव दाखवणारे निनावी फंक्शन जोडले जाते. चालवून पाहता कोणतेही बटण दाबले तरी ‘डिसेंबर’ असेच उत्तर येते. कारण महिन्याचे नाव धारण करणारे चल बटण तयार होताना वाचले जात नाही, तर टिचकीच्या क्षणी वाचले जाते. आणि तोपर्यंत लूप संपून त्यात शेवटचे नाव राहिलेले असते. फंक्शन तयार करताना त्या क्षणीचे मूल्य त्यास बांधून दिले की ही चूक दूर होते.

इ) झोपलेले फंक्शन : प्रगती दाखवण्यासाठी विद्यार्थी बटणाच्या फंक्शनमध्ये लूप लिहितो, प्रत्येक फेरीत लेबलवर अंक बदलतो आणि एक सेकंद थांबण्याची आज्ञा देतो. अपेक्षा असते की पडद्यावर एक, दोन, तीन असे अंक दिसतील. प्रत्यक्षात खिडकी दहा सेकंद गोठते आणि अखेर एकदम दहा हा अंक दिसतो. लेबल बदलले जाते, परंतु ते रंगवण्याचा संदेश रांगेत अडकलेला असतो. यावरील उपाय थांबणे हा नसून ‘एका सेकंदानंतर मला पुन्हा बोलाव’ असे लूपला सांगून फंक्शन लगेच संपवणे हा आहे. टीकेइंटरमध्ये ‘आफ्टर’ या पद्धतीने हे साधते.

ई) धाग्यांची गल्लत : दीर्घ काम वेगळ्या धाग्यावर म्हणजे थ्रेडवर टाकावे हे विद्यार्थ्यास कोठेतरी वाचायला मिळते. तो काम वेगळ्या थ्रेडवर नेतो आणि तेथूनच लेबल बदलतो. आज्ञावली कधी चालते, कधी कोसळते. बहुतेक साधनसंचांचा नियम असा आहे की पडद्यावरील घटकांना केवळ मुख्य थ्रेडनेच स्पर्श करावा. काम करणाऱ्या थ्रेडने निष्पन्न एका रांगेत ठेवावे आणि मुख्य थ्रेडने ते ठरावीक अंतराने उचलावे, ही सुरक्षित पद्धत आहे. स्विंगमध्ये याच हेतूने ‘स्विंगवर्कर’ हा वर्ग आहे, तर क्यूटीमध्ये सिग्नल व स्लॉट यांच्या जोडणीतून हे काम होते.

उ) मांडणीतील सरमिसळ : एकाच चौकटीत काही घटक ‘पॅक’ पद्धतीने व काही ‘ग्रिड’ पद्धतीने ठेवले जातात. आताचे टीकेइंटर अशा वेळी चूक दाखवून थांबते. ही चूक वरील चारांपेक्षा वेगळ्या जातीची आणि सोपी आहे. वर्गातील बराच वेळ मात्र अशा चुकांवरच खर्च होतो आणि पहिल्या चार तशाच राहतात.

५. प्रतिसादाचा काळ

आज्ञावलीने उत्तर किती वेळात द्यावे, याविषयी रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये विचार मांडला आणि जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये तो तीन मर्यादांच्या स्वरूपात लोकप्रिय केला. सुमारे ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला तर तो तात्काळ वाटतो. १ सेकंदापर्यंत विलंब जाणवतो, परंतु विचाराची साखळी तुटत नाही. १० सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जाते. विंडोज ही कार्यप्रणाली एखाद्या खिडकीने सुमारे ५ सेकंद संदेश उचलले नाहीत, तर तिला ‘प्रतिसाद देत नाही’ असे समजते.

या आकड्यांचा वर्गातील उपयोग स्पष्ट आहे. ०.१ सेकंदाच्या आत संपणारे काम बटणाच्या फंक्शनमध्ये खुशाल करावे. त्याहून अधिक वेळ लागणाऱ्या कामासाठी वापरकर्त्यास काम चालू असल्याची खूण द्यावी, आणि सेकंदांच्या हिशोबात जाणारे काम तुकड्यांत विभागावे किंवा वेगळ्या थ्रेडवर न्यावे. त्या अवधीत ‘जतन करा’ हे बटण निष्क्रिय ठेवावे, जेणेकरून दुसऱ्या टिचकीने दुसरी नोंद होणार नाही. रद्द करण्याची सोयही द्यावी. दहा सेकंद गोठलेल्या पडद्यासमोर बसलेला कर्मचारी वीजपुरवठाच बंद करतो आणि तेव्हा अर्धवट लिहिलेली नोंद धोक्यात येते.

६. माहिती व तिचे दर्शन यांची फारकत

ओढून-ठेवण्याच्या साधनांत बटणावर दोनदा टिचकी मारली की लिहिण्यासाठी जागा उघडते. त्यामुळे सर्व तर्क तेथेच लिहिण्याचा मोह होतो. विलंबशुल्काचे गणित, माहितीसाठ्यातील नोंद, चुकीची सूचना आणि लेबलचा रंग हे सर्व एकाच फंक्शनमध्ये येते. पुढे ग्रंथालय समितीने ‘सुट्टीच्या दिवसांचे शुल्क आकारू नये’ असा निर्णय घेतला, की हेच गणित परतीच्या खिडकीत, पावतीत आणि मासिक अहवालात असे तीन ठिकाणी बदलावे लागते. एक जागा हमखास राहून जाते आणि पावतीवरील रक्कम अहवालाशी जुळत नाही.

रीन्सकॉग यांच्या रचनेचा गाभा विद्यार्थ्यास अवघड परिभाषेशिवाय सांगता येतो. शुल्क काढणाऱ्या फंक्शनला खिडकी, बटण किंवा लेबल यांची माहितीच नसावी. त्याने दोन तारखा घ्याव्यात आणि रक्कम परत करावी, एवढेच. असे फंक्शन खिडकी न उघडताही तपासता येते. बटणाच्या फंक्शनने केवळ तीन कामे करावीत: चौकटींतील मजकूर घेणे, गणिताच्या फंक्शनकडे देणे आणि आलेले उत्तर दाखवणे. ही शिस्त पाळली तर पुढे हीच आज्ञावली वेबवर नेताना गणिताचा भाग जसाच्या तसा वापरता येतो.

७. मराठी मजकुराचे प्रश्न

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नावे, पत्ते व ग्रंथशीर्षके मराठीत भरली जाणे स्वाभाविक आहे. युनिकोडपूर्व काळात विशिष्ट फॉन्टवर अवलंबून मजकूर साठवला जात असे. त्यात मूळ साठवण रोमन अक्षरांच्या संकेतांची असून फॉन्ट बदलताच मजकूर निरर्थक दिसे. युनिकोडमुळे हा प्रश्न सुटला, तथापि नवे प्रश्न समजून घ्यावे लागतात.

पहिला प्रश्न लांबीचा. ‘विद्यार्थी’ या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र त्यात दहा संकेत आहेत, कारण वेलांटी, काना व पायमोडी चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. पायथनमध्ये या शब्दाची लांबी विचारल्यास उत्तर दहा येते. त्यामुळे नावाच्या चौकटीस वीस संकेतांची मर्यादा घातल्यास इंग्रजीत बसणारे नाव मराठीत तुटते, आणि तेही जोडाक्षराच्या मध्यावर.

दुसरा प्रश्न क्रमाचा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘ल’ व ‘व’ यांच्या दरम्यान आहे. केवळ संकेतांच्या क्रमाने यादी लावल्यास ‘काळे’ हे आडनाव ‘काशीकर’च्या आधी येते, तर मराठी कोशाच्या क्रमाने ते नंतर यावयास हवे. भाषेचे नियम जाणणारी क्रमवारी स्वतंत्रपणे निवडावी लागते.

तिसरा प्रश्न शोधाचा. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताने, किंवा साध्या ‘र’नंतर पायमोडी व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न शब्द आहेत. एका कर्मचाऱ्याने एका कळफलकाने भरलेले शीर्षक दुसऱ्यास शोधूनही सापडत नाही. माहिती साठवण्यापूर्वी ती एकाच रूपात आणण्याची सवय विद्यार्थ्यास लावली पाहिजे.

८. अध्यापनाचा प्रस्तावित क्रम

वरील विवेचनाच्या आधारे प्रात्यक्षिकांचा पुढील क्रम सुचवता येतो. साधनसंच कोणताही असो, क्रम तोच राहू शकतो. टीकेइंटर पायथनबरोबर विनामूल्य मिळतो आणि थोड्या ओळींत खिडकी उभी करतो, म्हणून आरंभासाठी तो सोयीचा आहे. व्यावसायिक स्वरूपाच्या कामासाठी पुढे क्यूटी, जावाएफएक्स किंवा डॉटनेट यांकडे वळता येते.

पहिल्या प्रात्यक्षिकात ओढून-ठेवण्याचे साधन न वापरता रिकामी खिडकी तयार करावी. तीन ठिकाणी छापण्याची आज्ञा लिहावी: लूप सुरू होण्यापूर्वी, बटणाच्या फंक्शनमध्ये आणि लूपच्या नंतरच्या ओळीत. आज्ञावली चालवण्यापूर्वी कोणती ओळ केव्हा छापली जाईल, हे प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहावे. तिसरी ओळ खिडकी बंद केल्यावरच छापली जाते, हे ज्यांनी लिहिले नसेल त्यांच्याशी चर्चा करावी. नियंत्रणाचा क्रम उलटला आहे, हे येथे डोळ्यांना दिसते.

दुसऱ्या प्रात्यक्षिकात खिडकी मुद्दाम गोठवावी. फंक्शनमध्ये दहा सेकंद थांबण्याची आज्ञा देऊन त्या काळात खिडकी हलवण्याचा, बटण दाबण्याचा प्रयत्न करावा आणि दाबलेल्या टिचक्यांचे नंतर काय होते याची नोंद घ्यावी. त्यानंतर ‘आफ्टर’ वापरून तेच काम सुधारावे. तिसऱ्यात विलंबशुल्काचे गणित वेगळ्या फाईलमध्ये नेऊन खिडकीशिवाय तपासावे. चौथ्यात चुकीची तारीख, रिकामी चौकट व मराठी नाव यांची हाताळणी करावी. ओढून-ठेवण्याचे साधन यानंतरच द्यावे. तोपर्यंत ते साधन पडद्याआड काय लिहिते हे विद्यार्थी वाचू शकतो.

हा क्रम आज अधिक आवश्यक झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने संपूर्ण फॉर्मची आज्ञावली काही क्षणांत लिहून देतात. व्हिज्युअल बेसिकने लपवलेली संदेशांची रांग या साधनांनी आणखी दूर नेली आहे. मिळालेल्या आज्ञावलीत थ्रेडची किंवा कंसाची चूक आहे की नाही, हे ओळखणे ज्यास लूप समजला आहे त्यालाच शक्य होते.

९. मूल्यमापन

प्रकल्पाचे गुण बहुधा फॉर्मची संख्या, अहवालाची जाडी व मांडणी यांवर दिले जातात. विद्यार्थी ज्याला गुण आहेत तेच करतो. म्हणून तोंडी परीक्षेत पुढील तपासण्या घ्याव्यात. त्या संगणकशास्त्राबाहेरील परीक्षकासही काही मिनिटांत करता येतात: सर्व चौकटी रिकाम्या ठेवून बटण दाबणे, तेच बटण घाईने दोनदा दाबणे, माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने एक नोंद पूर्ण करणे, खिडकी मोठी व लहान करून मांडणी पाहणे, दीर्घ काम चालू असताना खिडकी बंद करणे, मराठी जोडाक्षरांचे नाव भरणे, आणि इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी असलेले आडनाव भरणे. वसई किंवा गोव्यातील डिसोझा हे आडनाव अशा रीतीने लिहिले जाते आणि मजकूर थेट जोडून तयार केलेली माहितीसाठ्याची आज्ञा त्या एका चिन्हाने मोडते.

केवळ कळफलकाने काम होणे ही चैनीची बाब नाही. दृष्टिबाधित व्यक्ती आणि दिवसभर नोंदी करणारा लिपिक या दोघांचीही ती गरज आहे. टॅब कळीने चौकटींचा क्रम योग्य लागतो की नाही, यावरून आज्ञावली कोणाचा विचार करून लिहिली हे कळते. अखेरीस विद्यार्थ्याने लिहिलेल्या कोणत्याही फंक्शनकडे बोट दाखवून ‘हे कोण चालवते आणि केव्हा?’ हा प्रश्न विचारावा व त्याच्या उत्तरास स्वतंत्र गुण ठेवावेत.

१०. समारोप

ग्राफिकल युजर इंटरफेसचे अध्ययन बटणे व रंग यांपासून सुरू केल्यास विद्यार्थी लवकर आनंदित होतो, परंतु त्याची समज तेथेच थांबते. १९८० च्या दशकात संदेशांची रांग हाताने लिहावी लागे, म्हणून ती समजत असे. १९९१ नंतरच्या साधनांनी ते कष्ट वाचवले आणि त्याबरोबर समजही ऐच्छिक झाली. ती पुन्हा आवश्यक करणे हे शिक्षकाच्या हाती आहे. त्यासाठी नवीन यंत्रसामग्री किंवा महागडे साधन लागत नाही. पहिल्या दोन प्रात्यक्षिकांचा क्रम बदलणे, गणित व दर्शन वेगळे ठेवण्याचा आग्रह धरणे, मराठी मजकुराची चाचणी घेणे आणि मूल्यमापनात आज्ञावलीच्या वर्तनास गुण देणे एवढे पुरेसे आहे. अभ्यासक्रमात बदल होण्याची वाट न पाहता हे फेरफार चालू सत्रातच, उपलब्ध प्रयोगशाळेत व नेमून दिलेल्या तासिकांत करता येतील. प्रकल्प-मार्गदर्शकांनी विभागाच्या बैठकीत वरील तपासण्यांची यादी सत्राच्या आरंभीच विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास, विद्यार्थी प्रकल्पाच्या पहिल्या खिडकीपासूनच तिचा विचार करू लागतील.